‘आढळले नाही’ एवढेच लिहिणारे गायधनी सर

श्री. अरुण गायधनी आमच्या सातपूरच्या कार्यालयात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत दोनच वस्तू होत्या: जेवणाचा डबा आणि लाल पेन्सिल. ज्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, तो बंद पडला होता. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी माहितीपुस्तिकांच्या विभागाची प्रमुख. संगणकाचा अनुभव विचारला.

“फार नाही,” ते म्हणाले. “पण ड्रॉइंग एक आणि भाग दुसराच असेल, तर मला कळतं, मॅडम.”

मी त्यांना नाखुशीनेच घेतले. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना हे लपवण्यात अर्थ नाही.

आमचे साधन एखाद्या संस्थेचा डेटाबेस आतून कसा रचला आहे ते तपासते: कोणत्या टेबलात काय आहे, कोणते टेबल कोणाशी जोडलेले आहे. पूर्वी ते माणसे वापरत. आता बहुतेक एआय एजंट वापरतात, म्हणजे सोपवलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून पुरे करणारे प्रोग्रॅम. पुस्तिकेत लिहिले असेल ते एजंट खरे मानतो आणि कामाला लागतो. ती पुस्तिका पारखण्याचे काम सरांकडे आले.

“हे वाचणार कोण?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले. मी सांगितले.

“म्हणजे असा नवा कामगार, जो कधी विचारत नाही आणि कधी लाजतही नाही. आपला माणूस शंका आली की निदान चहाला तरी जातो. याला चहासुद्धा नाही!”

विभाग हसला. सर हसले नाहीत.

ते नकली डेटाबेस तयार करून घेत, त्यात मुद्दाम एखादी मेख ठेवत, एजंटच्या हाती फक्त पुस्तिका देत आणि तो काय करतो ते पाहत बसत. एजंट चुकला की त्याला नावे ठेवायची नाहीत, पुस्तिकेतले वाक्य शोधायचे, हा त्यांचा दंडक. कारखान्यात नापास भागाला लाल रंग लावतात, तशी ते छापील कागदावरच्या वाक्याला लाल रेघ मारत. अशी रेघ मारलेले वाक्य त्यांच्या सहीशिवाय पुढे गेले नाही. अपवाद एकच, आणि तो मी केला.

वाक्य असे होते: ‘ज्या कॉलमला दुसऱ्या कोणत्याही टेबलाचा दुवा नाही, तो वापरात नाही.’ सरांनी रेघ मारून शेजारी लिहिले, ‘दुवा आढळला नाही. वापराबद्दल आपल्याला माहीत नाही.’

“एवढ्याशा फरकासाठी पुस्तिका अडवू?” मी म्हटले.

“अडवा. नाहीतर तो कॉलम काढून टाकेल.”

पुस्तिका त्याच दिवशी द्यायची होती. मी त्यांच्या सहीच्या जागी माझी सही केली.

सुरगाणा तालुक्यातील एक धर्मादाय दवाखाना सिकलसेल या रक्तविकाराच्या रुग्णांच्या नोंदी ठेवत असे. त्यांच्या डेटाबेसची साफसफाई एका एजंटकडे सोपवली होती. त्याने आमची पुस्तिका वाचून एक कॉलम काढून टाकला. त्या कॉलममध्ये पाड्यांवर वाटलेल्या कागदी कार्डांचे नंबर होते. दुवा होता, पण तो संगणकात नव्हता, दवाखान्यातल्या बाईंच्या हातात होता. कार्ड पाहून त्या नंबर टाकत आणि रुग्ण शोधत. राखून ठेवलेली प्रत जुनी निघाली. त्यानंतरचे रुग्ण नंबराविना उरले, एकाच नावाचे कितीतरी.

त्याच दिवसांत एक आई मुलीला घेऊन आली. मुलीला पूर्वी रक्त चढवताना त्रास झाला होता आणि ती नोंद सापडेना. “कार्ड हाय ना माझ्याकडं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मग पोर कशी नाय तुमच्यात?” उपचारांना उशीर झाला. मुलगी वाचली नाही. डॉक्टर म्हणाले, नोंद मिळाली असती तरी काय झाले असते, सांगता येत नाही.

आमच्या कंपनीच्या मालकांनी बैठक बोलावून खुलासा मागितला. सर त्या बैठकीत होते आणि लाल रेघेचा कागद त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही. तो कागद कोणता, हे मीच सांगितले. नंतर मी खुलासा लिहून त्यांना दाखवला. शेवटचे वाक्य होते, ‘या घटनेचा मृत्यूशी संबंध नाही.’

त्यांनी रेघ मारली. “सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले ना? मग तेच लिहा. ‘संबंध नाही’ हे आपल्याला कुठं माहीत आहे?”

या खेपेला मी वाक्य बदलले.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “चला मॅडम, सुरगाण्याला. कार्डं घराघरात आहेत. तुम्ही वाचा, मी लिहितो.” कितीतरी सुट्ट्या आम्ही जीपने पाड्यापाड्यांवर गेलो. भातकामाला बाहेरगावी गेलेली घरे बंद असत. तिथे पुन्हा जायचे. त्या आईच्या घरीही गेलो. तिने कार्ड दिले. सरांनी नंबर उतरवून घेतला, कार्ड दोन्ही हातांनी परत केले आणि आमची चूक कोणती ते तिला सोप्या शब्दांत सांगितले. चूक माझी होती. ते ‘आमची’ म्हणाले. माझ्यावरचा त्यांचा एवढा एकच उपकार सांगितला तरी पुरे. तिने कार्ड आत नेऊन ठेवले. आम्ही बसलो नाही.

सरांच्या साठीच्या या गौरवग्रंथासाठी लिहिलेला मजकूर मी प्रथम सरांना दाखवला. कौतुकाच्या दोन परिच्छेदांवर त्यांनी रेघा मारल्या. ते मी काढले. ‘अखेर सगळी कार्डे जुळली’ या वाक्यावरही रेघ आली. शेजारी त्यांचे अक्षर होते, ‘जी सापडली, ती जुळली.’

तसेच छापावे. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांची नजर शेवटपर्यंत शाबूत राहो. माझी वाक्ये अजून त्यांच्या टेबलावरून जायची आहेत.