दारावरची शिटी

“वसंता, थांब!” प्रभाकर गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाहून ओरडून राहिला होता. आणि मी? मी वसंतापासून हातभर अंतरावर. गप्प.

मी आणि गप्प — सौंसरात कुणाला सांगून पाहा, हसतील. माझं तोंड झोपेतसुद्धा चालतं. पण ही एवढी एक गोष्ट त्यातून आजवर निघाली नाही. बायकोपुढं नाही, जामसांवलीच्या मारुतीपुढंही नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं संत्र्याच्या गोदामात होतो. मी लाकडी पेट्या ठोकायचो, वसंता त्यांत तणस, म्हणजे वाळला पेंढा, भरायचा. तो जन्माचा आंधळा. पेट्यांच्या थप्प्या रोज हलायच्या, वाट रोज बदलायची. म्हणून त्याचा हात माझ्या खांद्यावर — आणि मी त्याचे डोळे. काय काय दाखवलं त्याला! संत्र्यांचा ढीग एवढा, की वर बसलेल्या कावळ्याला नागपूर दिसून राहिलं. मालकाची मिशी एवढी, की दोन मजूर टोकं धरून मागून चालतात. वसंता पोट धरून हसायचा. इतकं मन लावून मला कुणीच ऐकलं नाही.

मग पांढुर्ण्याचा हा प्रभाकर आला, रेडिओ दुरुस्त करणारा. त्यानं साबणाच्या डब्यांत दोन बिनतारी यंत्रं बसवली. एक रस्त्याकडच्या दारावर, दुसरं ट्रक लागतो त्या ओट्याच्या कडेवर. वसंताच्या गळ्यात ट्रान्झिस्टर. दार जवळ आलं की त्यात शिटी वाजायची, ओटा जवळ आला की घरघर. शिटी म्हणजे चाल, घरघर म्हणजे थांब. बस्स — वसंता एकटा चहाला जाऊ लागला! लोक प्रभाकरची पाठ थोपटायचे. वसंता मला म्हणाला, “आता तुले तरास नाही बे.”

तरास? माझा खांदा रिकामा झाला, ते कुणाला दिसलं?

जळलो. दुसरा शब्द नाही. एके दिवशी प्रभाकर सेल बदलून गेला, आणि जेवणाच्या सुटीत मी डब्यांची अदलाबदल केली. दाराशी घरघर ऐकून वसंता अडेल, मला हाक मारेल — एवढंच मनात होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. एवढंच? नाही. आता शिटी ओट्यावर वाजणार, हे डबी अडकवतानाच मला समजत होतं.

प्रभाकर विसरलेला पाना न्यायला परत आला, तेव्हा वसंता शिटीमागं ओट्याकडं निघाला होता. हसत. गळ्यातल्या आवाजात त्याला हाक ऐकूच गेली नाही. मी हात पुढं केला असता तर — नाही केला.

ओटा पुरुषभर उंच होता, असं मी पुढं गावभर सांगितलं. कमरेएवढाच होता. मनगट मोडायला पुरला.

डब्या आपल्याच हातून चुकल्या, असं प्रभाकरला वाटलं. त्यानं त्या काढल्या, वसंताचे पाय धरले. मी पाहत होतो. आणि — लिहिताना हात अडतो — मला बरं वाटलं.

प्लास्टर निघाल्यावर वसंता कामावर आला. मी खांदा पुढं केला आणि लगेच सुरू झालो, की आज ढिगावर कावळा नाही, मोर बसला आहे.

“खांदा दे,” तो म्हणाला. “गोष्टी नको सांगू.”