मागून दाखवायचा आरसा

पायवाल्या सिस्टरांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं दवाखान्यात कोणी उरलं नव्हतं. ड्रेसिंगच्या खोलीत त्यांचं एक बुटकं स्टूल होतं. समोरच्या उंच खुर्चीत पेशंट बसायचा, त्याचा पाय सिस्टरांच्या मांडीवरच्या टॉवेलवर यायचा आणि मग तासन् तास त्या आणि तो पाय. चेहऱ्याकडे बघायला सवड कुठली? एकदा बाजारात एका रुबाबदार गृहस्थाने त्यांना वाकून नमस्कार केला. सिस्टरांना काही केल्या ओळख पटेना. शेवटी त्या बिचाऱ्याने भर रस्त्यात चप्पल काढून पाय पुढे केला, तेव्हा सिस्टर एकदम फुलल्या. म्हणाल्या, "अगंबाई, डावी टाच! कशी आहे आता?" ही गोष्ट वॉर्डातले मामा येईल त्याला सांगायचे आणि दर वेळी त्या गृहस्थाचा रुबाब थोडा वाढवायचे.

तर अशा या सिस्टर. साखरेच्या आजाराने ज्यांचे पाय बधिर होतात, ती माणसं त्यांच्याकडे यायची. बधिर पायाचं एक वाईट असतं. खिळा घुसला तरी तो ओरडत नाही. माणूस आपला हिंडतो-फिरतो, हसतो-खिदळतो, आणि खाली तळव्याला जखम निवांत मोठी होत जाते. मोज्याला डाग दिसतो किंवा घरात कोणाला वास येतो, तेव्हा दवाखाना आठवतो. तोवर उशीर झालेला असतो. सिस्टर प्रत्येकाला बजावायच्या, रोज तळवा बघा. पेशंट मान डोलावायचे. साठीच्या माणसाला पोट सांभाळून स्वतःचा तळवा बघायचा म्हणजे कसरतच, हे मान डोलावणाऱ्यालाही ठाऊक असायचं आणि सिस्टरांनाही.

सगळ्या गावाचे तळवे बघणाऱ्या या बाईने एकच तळवा बघितला नव्हता. तो त्यांच्या थोरल्या भावाचा, दादाचा.

दादाचं केस कापायचं दुकान होतं. एक गिरक्या घेणारी खुर्ची, समोर भिंतभर आरसा, पाठीमागे तसाच दुसरा. मधे बसलं की आपल्यासारखी माणसं रांगेने लांबवर गेलेली दिसायची. लहानपणी सिस्टर त्या रांगेतल्या शेवटच्या मुलीला जीभ काढून दाखवायच्या. दादाकडे आणखी एक आरसा होता, तळहाताएवढा, लाकडी दांड्याचा. केस कापून झाले, पावडर झाली, मान झटकून झाली की दादा तो गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरायचा आणि विचारायचा, "मागून ठीक आहे ना?" गिऱ्हाईक समोर बघत आपली मान बघायचं. पोराटोरांनाही दादा तो दाखवल्याशिवाय सोडत नसे. म्हणायचा, स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, ती कोणीतरी दाखवावी लागते.

दादाला साखर होती. गोळ्या तो वेळेवर घ्यायचा, कारण सिस्टर डोळ्यांत तेल घालून असायच्या. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभं राहायचं काम. पाय दाखव म्हटलं की तो हसण्यावारी न्यायचा. "ठमे, दिवसभर लोकांचे पाय कुरवाळतेस, आता माझ्याकडे आल्यावर तरी माणसासारखी खुर्चीत बस." लहानपणी हट्टाने ठाण मांडून बसायची म्हणून ठमी, आणि केस पांढरे झाले तरी ठमीच. त्या हसायच्या, खुर्चीत बसायच्या, चहा घ्यायच्या आणि घरी जायच्या.

मग एके दिवशी दादाला ताप भरला आणि मोजा काढला, तर मोज्याबरोबर कातडी आली. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. तेवढ्यावर भागलं नाही, विष रक्तात भिनलं. शेवटच्या दिवसांत तो पलंगावर पडून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. त्याला दाढी करून हवी होती. सिस्टरांनी ती केली, नीट जमली नाही, हनुवटीखाली खुंट राहिले. दादा म्हणाला, मागून ठीक आहे ना? दोघंही हसली.

दादा गेल्यावर सिस्टरांच्या मनाने एक गोष्ट घेतली. दुकानभर आरसे असलेल्या माणसाला आपला तळवा दिसला नाही. हातातला तो चिमुकला आरसा एकदा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरला असता तर? आणि तसं कर म्हणून सांगायला घरात नर्स होती. तिने का नाही सांगितलं? हा प्रश्न त्यांना जेवू देईना. शेवटी त्यांनी ठरवलं की दवाखान्यातर्फे अभ्यास करायचा. पेशंटला हातआरसा द्यायचा, रोज तळवा बघायला शिकवायचं आणि उशिरा येणाऱ्या जखमा कमी होतात हे सिद्ध करून दाखवायचं. बाहेरून बघणाऱ्याला तो अभ्यास वाटला असता. सिस्टरांच्या मनात तो खटला होता आणि आरोपीच्या पिंजऱ्यात त्या स्वतः उभ्या होत्या.

अभ्यास करायचा तर आधी प्रस्ताव लिहायचा आणि पेशंटचं नुकसान होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीपुढे तो ठेवायचा. हे शिकवायला दवाखान्यात एक डॉक्टर होत्या, संशोधनाच्या मॅडम. वयाने सिस्टरांच्या मुलीसारख्या, पण बोलणं तोलूनमापून. पहिला मसुदा त्यांनी शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या की हे वाचून मला भरून आलं, पण सिस्टर, समितीला रडवायचं नाहीये. पार्श्वभूमी म्हणजे या विषयात आजवर काय माहीत आहे आणि काय नाही, एवढंच. तुमच्या मनावर काय गेलं ते नाही. सिस्टरांनी पानं परत घेतली आणि निम्मी काढून टाकली. दादाचं नाव त्यात नव्हतंच, तरी प्रत्येक पान फाडताना तोच फाटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या मसुद्यात प्रश्न होता, की पेशंट पायांकडे दुर्लक्ष का करतात. मॅडमनी 'दुर्लक्ष' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. यात तुम्ही विचारायच्या आधीच निकाल देऊन मोकळ्या झालात, म्हणाल्या. जो माणूस बघत नाही तो दुर्लक्षच करतो, हे कोणी सांगितलं? प्रश्न उघडा हवा. त्याचं उत्तर दोन्हीकडे जाऊ शकलं पाहिजे, तुमच्या बाजूनेही आणि तुमच्या विरुद्धही. सिस्टर कागद उचलून उठल्या. मामांनी चहा आणून ठेवला होता, तो तसाच निवला.

तिसऱ्या खेपेला गाडी आरशापर्यंत आली. मॅडम म्हणाल्या, आता निम्म्या लोकांना आरसा द्यायचा, निम्म्यांना नाही. कोणाला द्यायचा हे बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्या ठरवतील, तुम्ही नाही. ज्यांना नाही त्यांना नेहमीची तपासणी, नेहमीचा सल्ला चालूच राहील. शेवटी दोन्हीकडच्या जखमा मोजायच्या. समितीकडे जायच्या आधी थोड्या लोकांवर नुसती तालीम करून बघा, ती मोजायची नाही.

सिस्टरांनी पाकिटं केली, मांडली. पहिल्या आजीबाईंच्या पाकिटात आरसा निघाला. दुसऱ्या आजोबांच्या पाकिटात निघाला नाही. आजोबांनी चपला घातल्या, काठी घेतली आणि दाराकडे वळले. त्यांची पाठमोरी मान दिसली, केस नुकतेच कापलेले. सिस्टर स्टूलवरून उठल्या आणि त्यांच्या हातात आरसा कोंबला. मग तिसऱ्याला, चौथ्याला, सगळ्यांनाच. आठवडाभराने मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "सिस्टर, याला अभ्यास नाही म्हणत, वाटप म्हणतात."

त्या वाटपाचीही एक गंमत झाली. माणसं परत आली तेव्हा सिस्टरांनी हौसेने विचारलं, की आरशात काय दिसलं? एका काकांनी त्यात मिशा कातरल्या होत्या. एका बाईंनी तो खिडकीला टांगला होता, जिन्यावरून कोण येतंय ते आधीच कळावं म्हणून. आजीबाईंचा नातसुनेने नेला होता. मामांनी तर स्वतःसाठी एक मागून घेतला आणि टकलावर उरलेल्या केसांची रोज हजेरी घेऊ लागले. तळवे मात्र कोणीच बघितले नव्हते. मामा हसले, मॅडमही हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत.

आता प्रस्तावात एकच वाक्य राहिलं होतं. मॅडमनी जागा कोरी ठेवली होती आणि काय लिहायचं ते सांगून ठेवलं होतं. 'आरशाने फरक पडतो की नाही हे आम्हांला माहीत नाही.' निम्म्यांना आरसा न देण्याचा हक्क आपल्याला या वाक्यामुळे मिळतो, मॅडम म्हणाल्या. हे खरं असेल तरच अभ्यास खरा. तुम्हांला आधीच खात्री असेल, तर तुम्ही निम्म्या लोकांचं जाणूनबुजून नुकसान करताय आणि समितीने तुम्हांला दारातूनच परत पाठवावं.

सिस्टर पेन घेऊन बसायच्या आणि उठायच्या. माहीत नाही असं कसं लिहायचं? फरक पडत असेल, तर दादाचा पाय वाचला असता आणि तो आपण वाचवला नाही. फरक पडत नसेल, तर आपल्यावर बोट नाही, पण मग दादाला वाचवणारं काही नव्हतंच. यातलं काय हवं, हे त्यांनाच कळेना. मॅडमना त्या म्हणाल्या, दुसरं काहीही लिहायला सांगा. मॅडम म्हणाल्या, थांबू आपण, घाई नाही.

त्याच सुमारास वहिनींचा निरोप आला. दुकान सोडायचं ठरलं होतं, आरसे उतरवायचे होते, हाताशी कोणी हवं होतं. सिस्टर गेल्या. दोघींनी मिळून भिंतीवरचे मोठे आरसे काढले, जुन्या चादरींत गुंडाळले. ती माणसांची लांबलचक रांग एकाएकी बंद झाली आणि उरली डाग पडलेली भिंत. खणात फणी, कात्र्या, ब्रश आणि तो लाकडी दांड्याचा आरसा होता. सिस्टरांनी तो उचलला आणि म्हणाल्या की हा मला द्या वहिनी, माझ्या अभ्यासाला. मग बसल्या बसल्या सगळंच सांगितलं. आरसा, तळवा, जमिनीवर ठेवून कसं बघायचं ते, आणि ते एक वाक्य. मी एकदा जरी त्याला हे सांगितलं असतं, असं म्हणून त्यांनी आरसा मांडीवर पालथा ठेवला.

वहिनी गिरक्या घेणाऱ्या खुर्चीत बसल्या होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या नणंदेला वन्सं म्हणायच्या, ते जुनं झालं तरी सोडलं नव्हतं. त्या खुर्चीच्या हाताची उसवलेली शिवण बोटाने दाबत राहिल्या.

"त्यांनी बघितला होता, वन्सं."

सिस्टरांना आधी कळलंच नाही.

"याच आरशात. दुपारी दुकान रिकामं असताना. असाच खाली ठेवून. मला हाक मारून दाखवला पण. एवढीशी जखम होती तेव्हा, बोराएवढी. म्हणाले, ठमीला सांगू नकोस. ती दुकान बंद करायला लावील. बरी होईल आपोआप." वहिनींनी पदर तोंडाला लावला. "मी नाही सांगितलं. तुम्ही चहाला यायचात, समोर बसायचात. दर वेळी जिभेवर यायचं. ते माझ्याकडे बघायचे आणि मी कप उचलायची."

बाहेर कोणीतरी दार ढकलून विचारून गेलं, दुकान चालू आहे का.

सिस्टरांना राग आला का? आला असावा, पण तो नेमका कोणावर काढायचा हे ठरेपर्यंत त्यांना दिसलं की वहिनींनी पदर अजून तोंडाशी तसाच धरला आहे. या बाईने इतके दिवस हे एकटीने पोटात ठेवलं होतं. आपण निदान कागदावर उतरवत तरी होतो. त्या उठल्या, वहिनींच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सुटलेल्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. समोर आरसा नव्हता, म्हणून एकमेकींचे चेहरे दिसले नाहीत, हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी कोऱ्या जागेत ते वाक्य लिहिलं. एका दमात, खाडाखोड न करता. आता त्यांना खरंच माहीत नव्हतं. दादाने बघितलं होतं, तरी तो गेला. बघणं आणि सांगणं यांच्यामध्ये एक दुकान होतं, एक कप चहा होता, एकमेकांची काळजी होती. ते अंतर कुठल्याही आरशात दिसत नव्हतं. खाली त्यांनी आणखी एक प्रश्न जोडला. पायाला काही दिसलं तर तुम्ही ते घरात कोणाला सांगाल?

मॅडमनी वाचलं. पेन्सिल हातात होती, पण रेघ कुठेच ओढली नाही. हा प्रश्न कुठून आला, एवढंच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, घरून.

समितीपुढे एका वयस्क डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, की एवढी वर्षं पाय बघताय आणि तुम्हांला माहीत नाही? सिस्टर म्हणाल्या, नाही साहेब. अभ्यास संपल्यावर राहिलेल्या सगळ्यांना आरसे द्यायचे, एवढी अट घालून प्रस्ताव मंजूर झाला.

पहिल्या दिवशी एक शिंपीकाका आले. मशीन चालवून चालवून पायाचे तळवे घट्ट झालेले. पाकीट उघडलं, त्यात आरसा नव्हता. सिस्टरांचा हात खणाकडे गेला. तिथे दादाचा आरसा होता. तो तिथेच राहिला. त्यांनी काकांचे दोन्ही तळवे स्वतः निरखून बघितले, पुसले, नेहमीचा सल्ला दिला, आणि मग कागद पुढे ओढून शेवटचा प्रश्न विचारला.

काका हसले. "सांगायचं कशाला? उगाच घरची माणसं जिवाला घोर लावून घेतात. होतं बरं आपोआप."

सिस्टरांनी मान खाली घातली आणि ते उत्तर शब्दाला शब्द लिहून घेतलं. काकांनी चपला घातल्या आणि निघाले. ते कोपऱ्यावर वळून दिसेनासे होईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. पाठीमागून मामांनी विचारलं, पुढचा पेशंट घेऊ का?