गडावरची दुपार

मी आयुष्यात कधी विडीला हात लावलेला नाही. तरी दवाखान्यात कुणी नवा डॉक्टर आला की पहिला तोच प्रश्न, आणि माझं डोकं फिरतं. अहो, वणीजवळच्या आमच्या खेड्यात निम्मं आयुष्य चुलीपुढे भाकरी थापण्यात गेलं. त्या धुराने छाती खाल्ली. आता अंबडला मुलाच्या फ्लॅटमध्ये गॅस आहे, पण श्वासनळ्या जुन्याच.

गेल्या हिवाळ्यात साधी सर्दी झाली आणि दम असा उठला की आडवं होता येईना. मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर कोपरं टेकून रात्री काढल्या. घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. ते दोनवरच ठेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण माझी तगमग सुनेला बघवेना. दोनवर थोडं बरं वाटतं, तर पाचवर चांगलंच वाटेल, असं तिला वाटलं. मुलगा कंपनीत होता. तिने बटण फिरवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

आणि काय सांगू, मला झोप लागली. इतकी गोड झोप कित्येक वर्षांत नव्हती. मी आमच्या देवीच्या गडाच्या पायऱ्या चढत होते. कोवळं ऊन, हातात नारळाची पिशवी, आणि दम म्हणून नाही. एरवी चार पायऱ्या चढले की मला जिन्यातच बसावं लागतं. इथे पाय आपोआप पडत होते.

"दमल्यात बिचाऱ्या, झोपू दे," म्हणून सूनबाई दार लोटून गेली. चहा घेऊन आली तर मी काही केल्या उठेना. हसत होते म्हणे. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी आधी ऑक्सिजन कमी केला. वाफ दिली, इंजेक्शनं टोचली, तोंडावर घट्ट मास्क बांधून मशीनने श्वास आत ढकलायला सुरुवात केली. या आजारात ऑक्सिजन जास्त झाला तर खराब वायू आतच साठतो, माणूस गुंगीत जातो आणि तसाच संपतो, असं त्यांनी सुनेला सांगितलं.

मी मात्र गडावर. देवीचं दार दिसायला लागलं होतं, आणि खालून कुणीतरी सारखं म्हणत होतं, "आई, डोळे उघडा. आई, श्वास घ्या." भयंकर राग आला. इतक्या वर आल्यावर कुणी मागे बोलावतं का? पण त्या आवाजात रडू होतं. तिला तसं रडत ठेवून मला पुढे जाववेना. मी वळले. उतरताना प्रत्येक पायरी छातीत बोचत होती.

डोळे उघडले तर माझा हात तिने दोन्ही हातांत धरलेला. "आई, चुकलं माझं," एवढंच म्हणत होती. मास्कमुळे बोलता येईना, म्हणून मी तिची बोटं दाबली.

आता मशीनच्या बटणावर तिने चिकटपट्टी लावलीय. दुपारी जरा डोळा लागला की विचारते, "आई, जाग्या आहात ना?"

"आहे गं बाई, झोपू दे की जरा," मी खेकसते.

कधीकधी गड दिसतो. पायऱ्या अजून तितक्याच सोप्या असतात. ती खाली उभी आहे, म्हणून मी चढत नाही.