डाव्या पायाशी ठकी

लिफ्टवाल्याला उंचीचं भय असं कधी वाटलंच नाही. इमारतीच्या पोटातल्या त्या काळ्या, तेलकट पोकळीत, लिफ्टच्या टपावर उभं राहून तो लोखंडी दोर तपासायचा, तेव्हा खाली किती मजले आहेत हा विचारही त्याच्या मनाला शिवायचा नाही. नव्याने कामाला लागलेली माणसं तिथून एकदा खाली बघायची आणि पालीसारखी भिंतीला चिकटायची. हा मात्र एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात पान्हा घेऊन स्वतःशीच काहीतरी गुणगुणत असायचा. ‘ह्याच्या छातीत काळीज नाही, मोटर बसवलीय,’ असं कामावरची माणसं म्हणायची.

हाच माणूस संध्याकाळी घरी आला की दार उघडण्याआधी थबकायचा. कान लावून ऐकायचा, आतल्या फरशीवर नखांचा आवाज कुठून येतोय. स्वयंपाकघरातून येत असेल तर पटकन आत शिरून खोली गाठायची. दाराशीच येत असेल तर बुटांच्या नाड्या सोडायचं निमित्त करून बाहेरच बसायचं, बायको येईपर्यंत.

घरात ठकी होती. नाव एखाद्या चिंधीच्या बाहुलीला शोभेल असं, पण जातीने अल्सेशियन. कान ताठ, पाठ काळी, आणि जांभई दिली की आतला सगळा दागिना दिसायचा. मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि घर ओकंबोकं झालं, म्हणून बायकोने ते पिल्लू आणलं होतं. तेव्हा ते चपलेत मावत होतं. तरीही तो दोन पावलं मागे सरला होता. पण का, ते सांगायचं कसं? तो तोंड वाकडं करून म्हणाला होता, “तुझं कुत्रं, तुझं तू बघ. मला त्यात ओढू नकोस.” पुढे ठकी वाढत गेली, आणि त्याचं वाकडं तोंड तसंच राहिलं. कुत्र्यांचा तिटकारा असलेला माणूस म्हणून मिरवणं त्याला सोपं वाटायचं.

तिटकारा कसला, नुसती भीती होती. लहानपणी तो दूध आणायला निघाला असताना एका गोदामाच्या फाटकातून कुत्रा बाहेर आला. त्याने किटली टाकली आणि पळाला. कुत्र्याने त्याला रस्त्यात आडवा केला आणि डाव्या पायाची पोटरी धरली, ती पहारेकरी काठी घेऊन येईपर्यंत सोडली नाही. आई जखम धुताना रडत रडत एकच म्हणत होती, “पळालास कशाला? पळालास म्हणून चावला ना!” जखम भरली. पोटरीवर खळगा राहिला, आणि ते वाक्य डोक्यात राहिलं. बायकोला त्याने सांगितलं होतं, सायकलवरून पडलो.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि सुटीच्या दिवशी ठकीला घेऊन वसाहतीमागच्या मैदानावर जायची. तिथे एक निवृत्त बाई कुत्र्यांना आज्ञापालनाच्या स्पर्धांसाठी तयार करायच्या. आयुष्यभर शाळेत मुलांकडून कवायत करून घेतलेली, म्हणून सगळे त्यांना कवायतबाईच म्हणत. त्या स्पर्धांमध्ये सगळ्यात पहिली आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे ‘हील’. कुत्र्याने माणसाच्या डाव्या पायाला लागून चालायचं, खांदा गुडघ्याच्या रेषेत, नजर वर. माणूस वळला की वळायचं, थांबला की खाली बसायचं, धावला की बरोबरीने धावायचं. बायकोने आणि ठकीने त्यात चांगलाच जम बसवला होता. स्पर्धेत नावही दिलं होतं.

आणि बायको न्हाणीघरात घसरली. मांडीचं हाड मोडलं, सळई घातली, सक्तीची विश्रांती आली. पलंगावर पडल्यापडल्या ती म्हणाली, “अहो, ठकीचा सराव तेवढा चालू ठेवा. मला स्पर्धेत नाही उतरता येणार, पण कवायतबाई म्हणतात, घरातलं माणूस चालतं. तुम्ही उतरा ना तिच्याबरोबर.”

“मी?”

“मग काय शेजारच्यांना सांगू? एवढं एक करा माझ्यासाठी.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने होकाराची मान हलवली.

पहिल्या दिवशी मैदानावर जाईपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. ठकी त्याच्या डाव्या बाजूला आली, नेमकी त्या पोटरीशी. तिचा गरम श्वास पँटच्या कापडातून त्याला जाणवत होता. प्रत्येक पावलाला त्याला वाटायचं, आता धरते, आता धरते. पट्टा त्याने मनगटाला दोन वेढे देऊन इतका आवळला की बोटं पांढरी पडली. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे बक्षीस म्हणून हाताने भरवायचे असतात, तेही आपल्या पँटच्या शिवणीजवळ, म्हणजे कुत्र्याची मान वर राहते. हा ते तुकडे लांबून जमिनीवर फेकायचा. मग ठकीचं लक्ष मातीत.

“अहो लिफ्टवाले,” कवायतबाई लांबून ओरडल्या, “ती कोंबडी आहे, सुतळी बॉम्ब नाही! हातात धरा!”

मैदानावरची माणसं हसली. तोही हसला. हात मात्र पुढे गेला नाही.

घरी आल्यावर बायको उत्सुकतेने विचारायची, “वळणं घेतली? थांबणं घेतलं? धावणं?”

“सगळं घेतलं,” तो म्हणायचा. वळणं घ्यायचा, थांबणंही घ्यायचा. धावणं कधीच नाही. कुत्रं शेजारी असताना पळायचं, ही कल्पनाच त्याच्या अंगावर काटा आणायची.

एके सकाळी उलटं वळताना त्याचा जाड बूट ठकीच्या पंजावर पडला. ती किंचाळली आणि तिने झटक्यात मान फिरवली. दात त्याच्या मनगटाला चाटून गेले. रक्त नाही, साधा ओरखडाही नाही. पण तो तिथेच थिजला. मैदान, झाडं, माणसं सगळं दूर गेलं, कानात फक्त स्वतःच्या रक्ताचे ठोके. कुणीतरी हातातून पट्टा काढून घेतला तेव्हा कुठे त्याला आपण उभे आहोत हे कळलं.

त्या दिवसानंतर सगळंच बिघडलं. तो पट्टा आणखी आखूड धरायला लागला. ठकी मागे रेंगाळायला लागली. कान मागे पडलेले, शेपूट पायांत, पोट जवळजवळ जमिनीला. त्याने ‘हील’ म्हटलं की ओठ चाटायची आणि दुसरीकडे बघायची. त्याला वाटलं, डूख धरून आहे. आपल्याला एकटं गाठायची वाट बघतेय.

कवायतबाईंनी त्याला बाजूला घेतलं. आता हसत नव्हत्या.

“तुम्ही मारता का तिला?”

“नाही हो! हातसुद्धा लावत नाही.”

“मग ती तुम्हाला एवढी घाबरते का?”

त्याला आधी नीट ऐकूच आलं नाही. “मला? ती मला घाबरते?”

“डोळे नाहीत का तुम्हाला? बघा तिच्याकडे. तुमचा हात थरथरतो तो पट्ट्यातून थेट तिच्या मानेत जातो. काहीतरी भयंकर येणार आहे, एवढंच कळतं तिला. काय येणार आहे, ते बिचारीला कुठे ठाऊक!”

त्याने पाहिलं. ठकी पट्ट्याच्या टोकाला, त्याच्यापासून जमेल तेवढी लांब बसली होती. अंग चोरून. मागचे पाय हलकेच कापत होते. ते कापणं त्याला फार ओळखीचं वाटलं, आणि मनात पहिल्यांदाच भीतीच्या जागी दुसरं काहीतरी आलं. लाज म्हणा, कणव म्हणा.

घरी आल्यावर तो बूट न काढताच पलंगाशी जाऊन उभा राहिला.

“मला कुत्र्यांची भीती वाटते,” तो म्हणाला.

बायकोला आधी थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं. त्याने सगळं सांगितलं, किटली, फाटक, पहारेकरी, आणि मैदानावर एकदाही न घेतलेलं धावणं. पँट वर करून तो खळगा दाखवला.

“सायकलवरून पडला होतात ना?”

“नव्हतो पडलो.”

ती त्या खळग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं, माझी एक आवड आहे तीसुद्धा तुमच्या डोळ्यांत खुपते. किती रडलेय मी त्यावरून, माहितीये? अहो, एक शब्द बोलला असतात तर!”

“बोलणार काय? अंधारात लोंबकळणारा माणूस मी. लोक काय म्हणतील?”

“लोकांना कुठे तुमच्याबरोबर संसार करायचाय,” ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. मग डोळे पुसून कामाला लागली. “बसा खाली. ठकीला बोलवा. नाही, उभ्याने नाही. जमिनीवर बसा.”

तो भिंतीला पाठ लावून बसला. ठकी दाराशी घुटमळली. बायको पलंगावरून हळू आवाजात सांगत होती, “तिच्या डोळ्यांत बघू नका. हात सपाट ठेवा. बोटं मिटू नका... मिटू नका म्हणते ना!” तळहातावर कोंबडीचा तुकडा ठेवून तो डोळे मिटून बसला. जीव मुठीत धरायची सवय, आणि इथे तर मूठच उघडी ठेवायची होती. नखांचा आवाज जवळ आला. थांबला. मग ओल्या नाकाचा गारवा, जिभेचा खरखरीत स्पर्श, आणि दातांची कड, तळहातावरून इतकी अलगद गेली, की त्याचा विश्वासच बसेना. डोळे उघडले तेव्हा तुकडा नव्हता. ठकी हाताकडे बघत होती. तिचाही श्वास वाढलेला होता.

तिथून दोघं पुन्हा पहिल्यापासून शिकले. पट्टा सैल. तुकडा शिवणीशी. चार पावलं, बक्षीस. भीती गेली नाही. ठकीचा खांदा गुडघ्याला लागला की अजूनही त्याच्या अंगातून शिरशिरी जायची. पण ठकीची मान वर आली, शेपूट सुटली. धावणं मात्र जमेना. कवायतबाई ‘पळा’ म्हणायच्या, आणि त्याचे पाय मातीत रुतायचे.

“नाव मागे घेऊ या,” बायको म्हणाली. “मला राग नाही येणार.”

“बघू,” तो म्हणाला.

स्पर्धेच्या दिवशी बायको कुबड्या घेऊन आली आणि दोरीबाहेर खुर्चीवर बसली. परीक्षकांनी पट्टा सोडायला सांगितला. कडी उघडताना त्याची बोटं दोनदा घसरली. आता मधे काहीच नव्हतं. “हील,” तो म्हणाला, आणि तो आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. चालले. उजवीकडे वळले, डावीकडे वळले, थांबले. ठकी बसली. पुन्हा चालले. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर, त्याची नजर समोरच्या झाडावर, कारण खाली बघायची हिंमत नव्हती.

“जलद,” परीक्षक म्हणाले.

त्याच्या डोक्यात आईचा रडवेला आवाज आला, पळालास कशाला. पोटरी आकसली. तरी तो पळाला. कसा, ते त्याला पुढेही सांगता आलं नाही. इतक्या दिवसांनी धावायला मिळाल्याच्या आनंदात ठकीने उडी मारली, एकदा भुंकली, आणि तिचं नाक त्याच्या हातावर आदळलं. त्याच्या तोंडून किंकाळी फुटली. तो गच्च डोळे मिटून, खांदे वर ओढून, चावा बसायची वाट बघत उभा राहिला.

काहीच झालं नाही.

त्याने खाली बघितलं. माणूस थांबला की बसायचं, एवढंच ठकीला माहीत होतं. ती त्याच्या डाव्या पायाशी सरळ बसली होती, जीभ बाहेर, आता पुढे काय म्हणून वर बघत. दोरीबाहेर कुणी हसलं. परीक्षकांनी हसणाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ते शांतपणे म्हणाले, “घाई नाही. पूर्ण करा.”

तो पुन्हा धावला. ओठ घट्ट मिटून, वेडावाकडा, मैदानाच्या टोकापर्यंत. ठकी बरोबरीने.

किंकाळीचे, थांबण्याचे, भुंकण्याचे गुण गेले. नंबर लागायचा प्रश्नच नव्हता. कवायतबाई एवढंच म्हणाल्या, “माझ्या शाळेत तुमच्यापेक्षा वाईट धावणारी मुलं होती. फार नव्हती, पण होती.” तो बायकोच्या खुर्चीशेजारी गवतावरच बसला. एक कुबडी बाजूला ठेवून तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ठकी त्याच्या मांडीवर पंजा टेकवून धापा टाकत राहिली. त्याला तो पंजा जड वाटला. थोडी भीतीही वाटली. पण त्याने तो काढला नाही.

बायकोचा पाय बरा झाला, तरी थोडा आखूडच राहिला. चालणं होतं, धावणं होत नाही. म्हणून हल्ली मैदानावर वळणं आणि थांबणं ती घेते, आणि धावायची वेळ आली की कडेला बसलेल्या नवऱ्याला हाक मारते. तो चप्पल काढतो, पँटला हात पुसतो, एक मोठा श्वास घेतो आणि उठतो.