चित्रांसमोर भांडणाऱ्या निमाकाकू

म्युझियममध्ये लोक आपोआप हळू बोलतात. निमाकाकू तिथे भांडायच्या. आयसेलिनजवळच्या त्यांच्या घरापासून तासाभरावर, एका जुन्या बंगल्यात इम्प्रेशनिस्ट, म्हणजे रंगांच्या फटकाऱ्यांनी काढलेल्या, धूसर वाटणाऱ्या चित्रांचं छोटंसं म्युझियम आहे. आमच्या मराठी मंडळातल्या कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. काकूंनी पॅथॉलॉजिस्ट म्हणून जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावला होता. रिटायर झाल्यावर त्यांना या चित्रांचं वेड लागलं, आणि लगेच डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं गाठलं. नजरेच्या मधोमध काळा डाग. ड्राइव्ह करणं बंद झालं, म्हणून जर्सी सिटीहून येऊन मी त्यांना न्यायची.

चित्राला जवळजवळ नाक लावून, मान तिरकी करून त्या डोळ्याच्या कडेनं बघत. गार्ड "मॅम, प्लीज, मागे व्हा" म्हणाला की भडकत. "मागे होऊन मला काही दिसत नाही!"

गोड बोलण्याचा तर त्यांना जास्तच राग. मंडळातल्या एक बाई एकदा आमच्याबरोबर आल्या आणि एका चित्राकडे बोट दाखवत लाडानं म्हणाल्या, "काकू, तुम्हाला आता सगळं जगच असं धूसर, सुंदर दिसत असेल ना?"

"हे काढणाऱ्याला लख्ख दिसत होतं," काकू कडाडल्या. "मला नातवाचं तोंड दिसत नाही. त्यात सुंदर काय आहे?"

बाई रडू लागल्या. काकूंनी सॉरी म्हटलं नाही. मलाही म्हणावंसं वाटलं नाही.

पुढे कडेनंही रंग कळेनात. मग मी सांगायची. "नदी आहे, बर्फ आहे. छान आहे."

"छान काय छान? बर्फाचा रंग सांग."

"पांढरा."

"पांढराच बघायला एवढ्या लांब आलो? नीट बघ!"

मीही चिडून बघितलं. बर्फ निळसर होता, काठाशी गुलाबी, पुलाखाली चक्क जांभळा. मी सांगत गेले. काकू मुठी आवळून ऐकत राहिल्या.

मग पार दुसऱ्या किनाऱ्यावर, बॉथेलला राहणारा त्यांचा मुलगा, निखिल, त्यांना कायमचं तिकडे न्यायला आला. जाण्यापूर्वी एकदा म्युझियमला जायचं, असा काकूंनी हट्ट धरला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तिला काही दिसत नाही यार. व्हॉट्स द पॉइंट?"

"मी इथेच उभी आहे निखिल," काकू म्हणाल्या. "मला विचार."

त्यानं विचारलं नाही. बॅगा गाडीत ठेवल्या.

यंदा काकू तिकडेच वारल्या. ऑनलाइन शोकसभेत निखिल म्हणाला, "आईनं शेवटी सगळं शांतपणे अ‍ॅक्सेप्ट केलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी माइक सुरू केला. "नाही," मी म्हणाले. "मी दर रविवारी त्यांच्याशी फोनवर बोलत होते. त्यांनी काहीही अ‍ॅक्सेप्ट केलं नव्हतं."