वेशीचं दार लावायच्या आधी

मंडळी, आज दुपारी मोबाईलवरच्या गेमनं मला घाम फोडला.

आधीच्या गेममध्ये मी एकटाच लाकडं तोडायचो, झोपडी बांधायचो. मेलो तरी पुन्हा उठायचो. या नव्या गेममध्ये गाव वसवून माणसं सांभाळायची. इथं गेलेला माणूस परत येत नाही.

आज लांडगे आले. लेक ओरडली, "अप्पा, वेशीचं दार लावा! आत यायलेत!"

शेवटची पंगत उठताना विचारतो तसं मी बोलून गेलो, "कुणी राहिलं का हो?"

लेक म्हणाली, "गेममधली माणसं काय ओ देणारेत व्हय?"

एक लाकूडतोड्या बाहेर होता. रामाचं नाव घेत मी दार उघडं ठेवलं. तो पोचला, पण मागोमाग लांडगा शिरला आणि गावातली दोन माणसं गेली.

लेक म्हणते, "तुमाला एकट्याचाच गेम बरा."

तुम्ही दार लावलं असतं का?