मंजुळाबाई आणि 'कॅच'

नांदुऱ्याच्या इंग्रजी शाळेतले भगवंतराव मास्तर संध्याकाळी ओसरीवर शेजारच्या कौशल्याबाईला शिकवू लागले, तेव्हापासून त्यांच्या बायकोच्या, मंजुळाबाईंच्या घशाखाली घास उतरेना. कौशल्याबाई तरुण विधवा, भावाकडे राहणारी. मुलींच्या शाळेत नोकरी मिळावी म्हणून इंग्रजी शिकत होती. हे सगळं मंजुळाबाईंना ठाऊक होतं. पण नवरा आपल्याशी कधी इतकं हसून बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्या दिवशी त्या दाराआड डाळ निवडत होत्या. बाहेर मास्तर रंगात आले होते.

"चेंडू झेलला, कॅच. चोर पकडला, कॅच. गाडी गाठली, कॅच. सर्दी झाली तरी कॅच, अन् गवतानं पेट घेतला तरी कॅचच!"

कौशल्याबाई खुदकन हसली. "एवढ्या कामाले एकच शब्द?"

"मूळ लॅटिन. अर्थ, धरू पाहणं. फ्रान्सातून इंग्लंडात आला, शिकाऱ्यांच्या तोंडचा. कोणाच्या मागं धावणं अन् त्याले धरणं, दोन्ही त्याच्यातच. पाठलागाचा 'चेस' त्याचाच सख्खा भाऊ."

सूप तसंच टाकून मंजुळाबाई बाहेर आल्या. "हो काय? मंग सांगा न, इथं कोण कोणाच्या मागं लागलं?"

मास्तरांचा चेहरा उतरला. कौशल्याबाईनं मान खाली घातली, पण उत्तर तिनंच दिलं. "मी पोटाच्या मागं लागली, वहिनी. भाऊ मले किती दिवस पोसन?"

मंजुळाबाई ओशाळल्या. पण मनातली जळजळ काही शमली नाही. "उद्यापासून मीबी इथं बसन," एवढंच त्या म्हणाल्या, आणि खरंच बसल्या. मास्तरांनी कौशल्याबाईची वाहवा केली, की घरात भाकरी करपायची. मग चुलीपुढं पाटी घेऊन मंजुळाबाई तोच धडा तिच्याहून पुढपर्यंत घोकायच्या.

वर्षभरात कौशल्याबाईला खामगावला नोकरी लागली. पेढे द्यायला आली, तेव्हा मंजुळाबाईंना वाटलं, सुटलो एकदाचे. पण तिच्या खांद्यावरच्या नव्या पिशवीवरून त्यांची नजर हटेना. आता नवऱ्यापेक्षा तिची नोकरी खुपत होती. आता एकट्या मलाच शिकवा म्हणत त्यांनी मास्तरांना शिकवणी बंद करू दिली नाही.

पुढं गल्लीतल्या मुली त्यांच्याकडे इंग्रजी अक्षरं गिरवायला येऊ लागल्या. म्हातारपणीही कुणी कौशल्याबाईच्या इंग्रजीचं कौतुक केलं, की त्या पदर सावरत म्हणायच्या, "आमच्याच ओसरीवर शिकली ते," आणि चहा टाकायला आत निघून जायच्या.